जिवाणू मातीत तगतात, बियाण्यावर मरतात: वाचकांचे प्रश्न

पेरणीच्या तोंडावर आलेल्या पत्रांत यंदा एकच शंका पुन्हा पुन्हा दिसते: शेतात एवढी औषधं मारल्यावर जिवाणू खतं टाकून उपयोग काय? काहींना उलट बाजूने विचारायचं आहे: औषध पचवणारे जिवाणू बाटलीत मिळतात म्हणे, ते खरे का? पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

प्रश्न: तंबाखू सोडून दोन एकरांत पहिल्यांदाच सोयाबीन करतोय. सोसायटीतून आणलेलं बियाणं आधीच औषध लावलेलं, गुलाबी आहे. त्यावर रायझोबियम (मुळावर गाठी करून पिकाला नत्र देणारे जिवाणू) चोळलं तर जगेल का? शिवाय या रानात तंबाखूवर वर्षानुवर्षं फवारण्या झाल्यात, त्याचीही धास्ती वाटते.
— एक शेतकरी, निपाणी

उत्तर: रानातल्या जुन्या फवारण्यांची धास्ती कमी करा. काळजी करायची ती त्या गुलाबी रंगाची.

हिशेब सोपा आहे. एक एकरातली वरची १५ सेंमी माती साधारण नऊ लाख किलो भरते. क्लोरपायरीफॉस २० टक्के एकरी एक लिटर दिलं, तर त्यात प्रत्यक्ष औषध २०० ग्रॅम. ते या मातीत मिसळलं की किलोला पाव मिलिग्रॅमही होत नाही. सगळं वरच्या दीड सेंमीतच अडकलं असं धरलं, तरी दोन-सव्वादोन मिलिग्रॅम. आता बियाणं घ्या. कार्बोक्झिन आणि थायरम प्रत्येकी ३७.५ टक्के असलेली भुकटी किलोला ३ ग्रॅम लावतात, म्हणजे किलोभर दाण्यांवर २२५० मिलिग्रॅम बुरशीनाशक. औषधं वेगळी, मान्य. पण मातीत जिवाणूला जे भेटतं त्याच्या काही हजार पट ते दाण्यावर भेटतं, आणि त्यातल्या थायरमचं रायझोबियमशी पहिल्यापासून वाकडं आहे.

मरतात तरी किती? रायझोबियमच्या प्रमाणित भुकटीत ग्रॅमला किमान पाच कोटी जिवाणू असावे लागतात. किलोला २५ ग्रॅम चोळली आणि किलोत आठ हजारांच्या आसपास दाणे धरले, तर दाण्यावर दीडेक लाख जिवाणू येतात. सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्याला लाखभर तरी हवेत असा संकेत आहे. दहातले नऊ मेले तर उरले पंधरा हजार. म्हणूनच औषध लावलेल्या बियाण्याला जिवाणूंची मात्रा दुप्पट करा असं सांगितलं जातं. सल्ला कागदावर बरोबर आहे, पण किलोला ५० ग्रॅम भुकटी सोयाबीनच्या गुळगुळीत दाण्याला धरत नाही. निम्मी पोत्याच्या तळाशी सापडते. ती चिकटावी म्हणून गुळाचं पाणी वाढवलं की दाण्याचं पातळ साल सुटतं आणि उगवण पडते.

तुमच्यासारख्या पहिल्याच सोयाबीनला आम्ही दुसरा मार्ग सुचवू: जिवाणू बियाण्यावर लावूच नका, बियाण्याखाली द्या. एकरी दोन किलो सोयाबीनचं रायझोबियम, ५० किलो चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये एवढं ओलं करा, सावलीत पोत्याखाली रात्रभर ठेवा आणि पेरणीच्या सरीत बियाण्याआधी सोडा. कुरीच्या खताच्या नळीत युरिया किंवा डीएपीबरोबर हे मिसळू नका. क्षारांमुळे जिवाणू दाण्यापर्यंत पोचायच्या आधीच कोरडे पडतात.

द्रवरूप रायझोबियम मिळालं तर बियाण्यावर लावणं थोडं सोपं जातं. मात्रा लेबलवर असते, बहुतेक किलोला ५ ते १० मिली. ताडपत्रीवर सावलीत हलक्या हाताने घोळवा आणि दोन-तीन तासांत पेरा. सकाळी लावून संध्याकाळच्या पावसाची वाट बघत बसलात तर थायरमला तेवढा जास्त वेळ मिळतो. औषध न लावलेलं बियाणं ज्यांना मिळतं त्यांनी रासायनिक बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी (किलोला ५ ते १० ग्रॅम) आणि रायझोबियम ही जोडी वापरावी, दोघांचं जमतं. रासायनिक औषध लावायचंच असेल तर क्रम ठरलेला: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी.

तुमच्या रानात हे टाळून चालणारच नाही. सोयाबीनच्या मुळाला लागणारा ब्रॅडीरायझोबियम (सोयाबीनचं रायझोबियम म्हणतात तो हाच) आपल्या मातीचा मूळचा नाही. जिथे आधी सोयाबीन होऊन गेलं तिथे तो वस्तीला राहिलेला असतो. तंबाखूच्या रानात तो नसतो, आणि चवळी-मुगाचं रायझोबियम आणून भागत नाही.

जमलं की नाही ते चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी कळेल. रोप उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात. वीतभर अंतरावरून कुदळीने ढेकूळ उचला, बादलीत भिजत ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. मुख्य मुळाच्या वरच्या भागात गाठींचा झुबका दिसला तर तुम्ही दिलेले जिवाणू लागले. आडव्या मुळांवर इकडेतिकडे विखुरलेल्या गाठी बहुतेक मातीतल्या जुन्या वस्तीच्या असतात. गाठ नखाने फोडा: आत मांसासारखी लाल-गुलाबी हवी. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नत्र देत नाही. चार ओळी जिवाणूंशिवाय पेरून ठेवा, म्हणजे तुलना घरच्या घरी होईल. आणि पहिल्या महिन्यात युरियाचा हात सैल सोडू नका. फुकटचा नत्र मिळाला की मूळ गाठी धरायचे कष्ट घेत नाही.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, "हे जिवाणू औषध सहन करणारे आहेत, कुठल्याही फवारणीत मिसळा." मिरचीला आळवणी करायची आहे. विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर: "कुठल्याही" या शब्दावर ठेवू नका. सहनशीलता एका विशिष्ट वाणाची, एका औषधापुरती आणि एका मात्रेपर्यंत असते. इमिडाक्लोप्रिड सोसणारा स्यूडोमोनास तांबं सोसेलच असं नाही.

ढोबळ अंदाज असा: बॅसिलस गटातले जिवाणू बीजाणूच्या कवचात झोपून राहू शकतात, म्हणून टाकीत जास्त तग धरतात. स्यूडोमोनास, ॲझोस्पिरिलम, ॲझोटोबॅक्टर टाकीत नाजूक. कॉपर ऑक्सिक्लोराइड, बोर्डो मिश्रण आणि स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविकं यांच्या टाकीत कोणताच जिवाणू घालू नका. ही औषधं जिवाणूही मारतात. तांब्याची आळवणी झाली असेल तर दहा-पंधरा दिवस जाऊ द्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लोकांच्या लक्षात येत नाही. ते पाणी आदल्या संध्याकाळी उघड्या पिंपात भरून ठेवा, नाहीतर सरळ विहिरीचं वापरा.

बाटलीवरचा मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असला तरी आकडे वाचता येतात. जिवाणू खत असेल तर खत नियंत्रण आदेश १९८५ चा उल्लेख हवा आणि संख्या हवी: भुकटीत ग्रॅमला ५ गुणिले १० चा सातवा घात, द्रवात मिलिलिटरला १ गुणिले १० चा आठवा घात, किमान. रोगावरचं औषध म्हणून विकला जाणारा स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स मात्र कीटकनाशक कायदा १९६८ खाली येतो. त्याच्यावर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. दोन्हींपैकी काहीच नसेल तर बाटली परत द्या, घासाघीस करू नका.

प्रश्न: आमच्याकडे लाल माती, पाऊस भरपूर. भाताच्या रोपांची मुळं ॲझोस्पिरिलममध्ये बुडवून लावतो आणि चौथ्या दिवशी तणनाशक मारतो. जिवाणू मरत असतील का?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर: तणनाशकाने फारसं बिघडत नाही. प्रेटिलाक्लोर लेबलच्या मात्रेत, उभ्या पाण्यात पडलं की चिखलात ते पातळ होतं, आणि ॲझोस्पिरिलम तोवर मुळाला बिलगलेला असतो. भाताची खाचरं तशीही औषध पचवणाऱ्या जिवाणूंची जुनी जागा आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सेतुनाथन आणि योशिदा यांनी डायझिनॉन आणि पॅराथिऑन तोडणारा जिवाणू शोधला, तो औषध दिलेल्या खाचराच्या पाण्यातूनच, १९७३ साली.

बिघडतं ते लावणीच्या आदल्या रात्री. खोडकिडीसाठी रोपं क्लोरपायरीफॉसच्या पाण्यात (लिटरला १ मिली) रात्रभर ठेवायची आणि सकाळी तीच ओली मुळं जिवाणूंच्या पाण्यात घालायची, असं अनेक जण करतात. ते पाणी २०० पीपीएमचं (लिटरला २०० मिलिग्रॅम) असतं, मातीतल्या मात्रेच्या शेकडो पट. दोन्ही हवंच असेल तर जिवाणू मुळाला न लावता लावणीनंतर आठवड्याने द्या: एकरी दोन किलो ॲझोस्पिरिलम ५० किलो कुजलेल्या शेणखतात, खाचरात पाणी बोटभर ठेवून.

धूळवाफ पेरणी करणाऱ्यांनी बियाण्याला जिवाणू लावू नयेत. वळवाची वाट बघत तापलेल्या धुळीत आठ दिवस पडलेल्या दाण्यावर काहीही उरत नाही. उगवण झाल्यावर शेणखतातून द्या.

आणखी एक. तुमच्या मातीचा सामू साडेपाचच्या आसपास असेल तर दुकानदार ॲझोटोबॅक्टर देऊ लागला तरी घेऊ नका; सहाच्या खाली तो नीट वाढत नाही. चुना घालायचा झाला तर माती तपासूनच. त्यासाठी मत्तीकोपचं कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळचं रयत संपर्क केंद्र.

प्रश्न: उसात पूर्वी ॲट्राझिन मारलं की दीड-दोन महिने रान स्वच्छ राहायचं. आता तीन आठवड्यांत तण. औषध बनावट की मात्रा वाढवू? आणि ॲसिटोबॅक्टर लावलेल्या उसावर ॲट्राझिन चालतं का?
— एक ऊस उत्पादक, रायबाग

उत्तर: औषध पचवणाऱ्या जिवाणूंची दुसरी बाजू तुमच्या रानात दिसत असावी. एकाच जमिनीत एकच औषध वर्षानुवर्षं पडलं की ते तोडून खाणारे जिवाणू तिथे वाढतात आणि औषध लवकर संपतं. ॲट्राझिनच्या बाबतीत हे जगभरच्या ऊस-मक्याच्या रानांत नोंदलेलं आहे. ते पूर्ण तोडणारा स्यूडोमोनासचा वाण १९९५ मध्ये अमेरिकेत, तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून मिळाला. जमिनीत द्यायच्या कार्बोफ्युरानसारख्या दाणेदार कीटकनाशकांचंही असंच होतं.

पण आधी साधी कारणं तपासा. कोरड्या मातीवर मारलं होतं का? पाचटावर पडून तिथेच अडकलं का? आणि उगवलेलं तण कोणतं? लव्हाळा आणि हरळी असेल तर ॲट्राझिनला दोष देऊ नका, ती त्याला कधीच दाद देत नव्हती.

शंका उरली तर काकडीची परीक्षा घ्या. फवारल्यावर तीन आठवड्यांनी फवारलेल्या सरीतली वरची दहा सेंमी माती आणि कधीच न फवारलेल्या जागेची माती, अशा चार-चार कुंड्या भरा. प्रत्येकीत पाच काकडीच्या बिया. दोन्हीकडे उगवण सारखीच होईल. ॲट्राझिन उगवण रोखत नाही, पान अन्न बनवू लागलं की मग मारतं. म्हणून दोन-तीन आठवडे थांबा. फवारलेल्या मातीत पानांच्या कडा पिवळ्या होऊन करपल्या तर औषध अजून आहे आणि तुमच्या तणाचं कारण वेगळं आहे. रोपं दोन्हीकडे तेवढीच टवटवीत असतील तर औषध संपलं. मग मात्रा वाढवणं म्हणजे त्या जिवाणूंच्या ताटात जास्त वाढणं. दोन-तीन हंगाम वेगळ्या गटाचं, उसासाठी शिफारस असलेलं तणनाशक वापरा आणि एक भांगलण ठेवा.

ॲसिटोबॅक्टरची चिंता नको. १९८८ साली ब्राझीलमध्ये तो सापडला तो उसाच्या आतच. एकदा कांडीत शिरला की वर मातीवर पडलेल्या ॲट्राझिनशी त्याची गाठ फारशी पडत नाही. जपायचं ते बेणेप्रक्रियेत. महाराष्ट्रातल्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात, टिपऱ्या ३० मिनिटं. ही बुडवण कार्बेन्डाझिम आणि कीटकनाशकाच्या बुडवणीनंतरची. मध्ये टिपऱ्या निथळून सावलीत सुकू द्या, आणि जिवाणूंसाठी पिंप वेगळं ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: औषधाचं पाणी ओतून देऊन त्याच पिंपात जिवाणू कालवतात.

प्रश्न: पदवीच्या प्रकल्पासाठी भाजीच्या रानातून कीटकनाशक सहन करणारे आणि झाडाची वाढ करणारे जिवाणू वेगळे करायचे आहेत. कडोली भागातल्या कोबीच्या शेतातली माती घेणार आहे. कुठे काळजी घ्यावी?
— विद्यार्थिनी, बी.एस्सी. तिसरं वर्ष, बेळगाव

उत्तर: जागा चांगली निवडलीत. माती मोकळ्या वाफ्यातली न घेता कोबीच्या मुळाला चिकटलेली घ्या, आणि फवारणीची नोंद शेतकऱ्याकडून लिहून घ्या. त्याशिवाय निष्कर्षाला अर्थ नाही.

१० ग्रॅम माती ९० मिली निर्जंतुक पाण्यात, तिथून दहा-दहा पट विरळ करत सहाव्या पायरीपर्यंत. ०.१ मिली प्लेटवर पसरा, २८ ते ३० अंशांवर दोन-तीन दिवस. आधी ठरवा की सहन करणारा हवा की खाणारा. पोषक अगरमध्ये औषध वाढवत नेलं तर सहन करणारा मिळतो. खाणारा हवा तर क्षारांच्या माध्यमात कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून औषध द्यावं लागतं. दोन्ही गोष्टी एक समजून लिहिलेले प्रकल्प पुष्कळ दिसतात.

फसगत बहुधा अशी होते. दुकानातल्या क्लोरपायरीफॉसच्या बाटलीत झायलीनसारखं द्रावक आणि साबणासारखे पदार्थ असतात. जिवाणू मेला तर द्रावकाने मेला असेल, वाढला तर तेच खाऊन वाढला असेल. म्हणून शुद्ध औषध मिळवा आणि फक्त द्रावक घातलेली प्लेट शेजारी ठेवा. औषध ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, तुटतं. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून माध्यम ४५ ते ५० अंशांवर आल्यावर मिसळा. क्षारांच्या प्लेटवर बारीक वसाहती दिसल्या म्हणून हुरळू नका, अगरमधल्या अंशांवरही तेवढ्या येतात; औषध नसलेली प्लेट बाजूला असली की कळतं. वाढ दिसली तरी औषध पूर्ण संपलं असं नव्हे: क्लोरपायरीफॉस तुटून टीसीपी नावाचा पदार्थ उरतो आणि तो स्वतःच जिवाणूंना जाचतो.

मात्राही जमिनीवर आणा. ५०० पीपीएमला वाढला हे वाक्य ऐकायला भारदस्त आहे, पण मातीत दोन पीपीएम मुश्किलीने भेटतं. पाचशे-हजारांची परीक्षा बियाण्यावरच्या औषधासाठी घ्या, तिथे ती खरोखर लागू पडते.

वाढीच्या गुणांसाठी: इंडोल ॲसेटिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकाला ट्रिप्टोफॅन घातलेल्या माध्यमातला वरचा निवळ द्रव १ मिली, साल्कोव्स्की अभिकर्मक २ मिली, अंधारात अर्धा तास, गुलाबी रंग ५३० नॅनोमीटरवर मोजा. स्फुरदासाठी पिकोव्स्काया अगरवर सात दिवसांनी वसाहतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ बघतात. त्या माध्यमात कॅल्शियमला बांधलेलं स्फुरद असतं आणि आपल्या पश्चिमेकडच्या लाल मातीत ते लोह-ॲल्युमिनियमला बांधलेलं. म्हणून आयर्न फॉस्फेटचं माध्यमही लावा. आणि हे सगळे गुण औषध असताना आणि नसताना, दोन्ही वेळा मोजा. औषधात जिवंत राहिला पण इंडोल बनवणं बंद झालं, तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही.

शेवटी कुंडीतला प्रयोग हवाच. मात्र १६ एस जनुकावरून ओळख पटेपर्यंत जिवाणू कॉलेजबाहेर नेऊ नका. औषधांच्या रानात सहज सापडणाऱ्या तगड्या जिवाणूंत स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि बर्कहोल्डेरिया सेपेशिया असतात. झाडाची वाढ ते करतीलही, पण अशक्त माणसाच्या फुप्फुसात आणि जखमेतही वाढतात. कुठल्याही शेतकऱ्याला वानगी म्हणून बाटली देऊ नका, त्याने आग्रह केला तरी.

प्रश्न: मातीत असे जिवाणू सोडले तर भाजीवरचा औषधाचा अंश कमी होतो का? मग तोडणी लवकर करता येईल.
— एक वाचक, हुक्केरी

उत्तर: नाही. ते मुळाशी, अंश पानावर आणि फळावर. लेबलवर फवारणी ते तोडणीचे जे दिवस दिलेत ते पाळायचेच.

प्रश्न: गेल्या खरिपातली रायझोबियमची तीन पाकिटं शेडमध्ये राहिलीत. चालतील?
— एक शेतकरी, चिकोडी

उत्तर: भुकटी असेल तर नाही, तिची मुदत सहा महिन्यांची. द्रवरूपाची एक वर्षाची, पण तीही थंड जागी ठेवली असेल तरच. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेल्या बाटलीची तारीख शिल्लक असली तरी भरवसा नाही. पाकिटं शेणखताच्या खड्ड्यात रिकामी करा. नवी घेताना तारीख बघा, आणि घरी आणताना औषधांच्या बाटल्यांबरोबर एकाच पिशवीत घालू नका.